सव्वा वर्षाच्या मुलीचा दिव्यांग दाखला निघतो का? (सोलापूर)

रेनगरकर | सोमवार, रात्री १०.४०

नमस्कार. राहायला कुंभारीच्या रे नगरात आहे. अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात लूमवर काम करतो, बायको घरी बिड्या वळते.

मुलगी सव्वा वर्षाची झाली. जन्मल्यावर रडली नाही म्हणून काचेच्या पेटीत ठेवली होती, तिथंच झटके सुरू झाले. झटक्यांचं औषध अजून दोन्ही वेळा चालू आहे. मान धरत नाही. उचलून घेतली की पाय एकमेकांवर आवळून कडक करते. भरवताना ठसका लागतो, म्हणून एवढीशी वाटी संपवायला तास जातो. एमआरआय बघून डॉक्टरांनी कागदावर सेरेब्रल पाल्सी (मेंदूला इजा झाल्यानं हातपाय, मान ताब्यात न राहणं) लिहिलं आणि व्यायाम सुरू करा म्हणाले.

औषध, व्यायाम, रिक्षा सगळं धरलं तर पगार पुरत नाही. दिव्यांग दाखला काढला तर मदत मिळते असं कळलं. पण एका ठिकाणी खिडकीवर सांगितलं की पाच वर्षं पूर्ण झाल्याशिवाय दाखला होतच नाही. गल्लीतला एक जण म्हणतो पैसे दे, घरबसल्या काढून देतो.

एवढ्या लहान बाळाचा दाखला कुणी काढलाय का? कुठं जायचं, काय लागतं, आणि निघाल्यावर नेमकं काय मिळतं? जरा सविस्तर सांगा. बायको रोज विचारते, माझ्याकडं उत्तर नाही.

शेंगाचटणी | सोमवार, रात्री १०.५२

घरबसल्या काढून देणाऱ्याला एक रुपया देऊ नका दादा. अर्ज फुकट आहे. आणि बाळाला बघितल्याशिवाय डॉक्टरांचं बोर्ड दाखला देत नाही, मग घरबसल्या कसा निघेल? बाकी जाणकार सांगतीलच. छकुलीला लवकर आराम पडो.

सुलभा_जुळे_सोलापूर | सोमवार, रात्री ११.३०

दादा, पाच वर्षं थांबायची काही गरज नाही. माझा मुलगा आता नऊ वर्षांचा आहे, त्यालाही सीपी म्हणजे सेरेब्रल पाल्सीच. त्याचा पहिला दाखला तो दोन वर्षांचा व्हायच्या आत निघाला. मुदतीचा होता, मुदत संपल्यावर नवा करून घेतला.

आधी बाळाचं आधार काढा. पाच वर्षांखालच्या मुलांचे बोटांचे ठसे, डोळे काही घेत नाहीत. फोटो, जन्मदाखला आणि आईचं किंवा वडिलांचं आधार एवढ्यावर होतं. जन्मदाखल्यावर नाव चढलंय का ते आत्ताच बघा, बऱ्याच जणांचं तिथंच अडतं. रेशनकार्डातही तिचं नाव घाला, ते उपचारासाठी लागणार आहे. मग स्वावलंबन पोर्टलवर युडीआयडीचा, म्हणजे दिव्यांग दाखला आणि ओळखपत्राचा अर्ज. अर्जात रुग्णालय निवडावं लागतं, आपल्याला सिव्हिल. पोचपावती छापून घ्या आणि बोर्ड कुठल्या वारी बसतं ते सिव्हिलमध्ये आधी विचारून या. बाळाला घेऊन उगाच हेलपाटा नको.

फायलीत एनआयसीयूचं (काचेच्या पेटीच्या विभागाचं) डिस्चार्ज कार्ड सगळ्यात वर ठेवा. जन्मल्यावर रडली नाही, झटके आले हे त्यावर लिहिलेलं असतं आणि डॉक्टर पहिलं तेच शोधतात. त्याखाली एमआरआयचा रिपोर्ट आणि फिल्म, ईईजी (मेंदूच्या लहरींची तपासणी), औषधांच्या चिठ्ठ्या. झेरॉक्स द्या, मूळ कागद हातातून सोडू नका.

अर्जात सही किंवा अंगठा चढवायची जागा असते. ई-सेवा केंद्रातला मुलगा म्हणाला बाळाचा ठसा आणा. आमच्याची मूठ कायम आवळलेली आणि अंगठा आत दडलेला. ओढून उघडायला गेलं की आणखी आवळायचा आणि रडायचा. शेवटी सासूबाईंनी त्याला मांडीवर घेतलं, काही न बोलता त्याचं मनगट हळूच खाली वाकवलं. बोटं आपोआप सैल पडली. तेवढ्यात शाईचं पॅड अंगठ्याला टेकवलं आणि कागदावर उमटवलं. सासूबाई कधी शाळेत गेल्या नाहीत, पण बाळाचा हात त्यांना बरोबर कळत होता.

फिजिओ_आसरा | मंगळवार, सकाळी ७.१५

सुलभाताईंच्या सासूबाईंनी केलं तेच आम्ही शिकवतो. मनगट खाली वाकवलं की बोटांचे स्नायू सैल पडतात. रेनगरकर, तुमच्या मुलीचीही मूठ आवळलेली असेल तर अंगठ्याचं टोक धरून कधी ओढू नका. बुडाशी धरून हळू बाहेर घ्या.

आता पाच वर्षांचं. हा गैरसमज कुठून येतो तेही सांगते. केंद्राच्या निकषांत बौद्धिक दिव्यांगत्वासाठी वयाचा मुद्दा आहे. एक वर्ष पूर्ण झाल्यावरच मोजमाप होतं. एक ते पाच वर्षांत निदान ‘ग्लोबल डेव्हलपमेंटल डिले’ असं लिहितात आणि पाचच्या पुढं बौद्धिक दिव्यांगत्व म्हणून दाखला देतात. खिडकीवरच्या माणसाच्या डोक्यात त्यातलं फक्त ‘पाच’ राहिलं असावं. तुमची मुलगी सव्वा वर्षाची आहे, म्हणजे ती अटही ओलांडली. शिवाय सीपी हा दिव्यांग हक्क कायदा २०१६ मधल्या २१ प्रकारांपैकी एक आहे आणि त्याची गणना चलनवलनाच्या दिव्यांगत्वात होते.

बाळ वाढतंय, व्यायामाने फरक पडणार आहे, म्हणून दाखला मुदतीचा मिळेल. कायमस्वरूपीच द्या म्हणून भांडत बसू नका. मुदतीच्या दाखल्यालाही तेवढीच किंमत आहे.

एक विनंती मात्र कळकळीची. दाखला निघेपर्यंत व्यायाम थांबवू नका. पहिल्या दोन-तीन वर्षांत मेंदू जेवढं शिकतो तेवढं नंतर शिकत नाही. आणि ठसका लागतो म्हणालात, तर भरवताना तिला आडवी ठेवू नका. पाठ टेकून बसती ठेवा, हनुवटी किंचित छातीकडं. घास छातीत जाऊन न्यूमोनिया होणं हे या मुलांचं दवाखान्यात भरती होण्याचं मोठं कारण आहे.

जुन्या_मिलचा | मंगळवार, सकाळी ९.०५

माझं मत वेगळं आहे, राग मानू नये. सव्वा वर्षाच्या लेकराला सरकारी कागदावर अपंग लिहून घ्यायचं? अजून तिचं सगळं आयुष्य जायचंय. आमच्या चाळीत एक पोरगं तीन वर्षं बोललं नव्हतं, आज वकिली करतंय. मुलगी आहे, उद्या लग्नाला उभी राहील तेव्हा हाच कागद आडवा येईल. औषधपाणी करा, सिद्धेश्वरावर भरवसा ठेवा, आणि कागद पाच वर्षांनी काढा. घाई कशाला?

सुलभा_जुळे_सोलापूर | मंगळवार, सकाळी ९.४०

काका, तुमचं वय मोठं आहे म्हणून मानानंच लिहिते, पण हे पटत नाही.

आमच्या घरात हेच झालं होतं. दीर म्हणाले शिक्का बसेल, नणंद म्हणाली थांब. कागद नसताना काय होतं ते मी बघितलं आहे. मूल तेच असतं, त्याचा त्रास तोच असतो, फक्त खर्चाचा सगळा भार आईबापावर पडतो. मग पहिलं काय बंद होतं? व्यायाम. कारण औषध थांबवलं तर झटका येतो, ते दिसतं. व्यायाम थांबला तर त्या दिवशी काही दिसत नाही. सहा महिन्यांनी टाच वर ओढली जाते, मांड्या उघडत नाहीत, लंगोट बदलतानाही मूल रडतं. घाई आहे ती या कारणानं.

आणि शिक्का म्हणाल तर, तिला मांडीवर घेऊन एसटीत बसलं की शेजारची बाई काय ते बघतेच. कागद पिशवीत असतो. तो डॉक्टर आणि कचेरी सोडून कुणी मागत नाही. उद्या ती सुधारली, देव करो आणि सुधारो, तर पुढच्या तपासणीत टक्के कमी होतील किंवा नवा दाखला काढायची गरजच राहणार नाही. मुदत संपली की तो कागद संपला. लग्नाचं म्हणाल तर, आज तिला एक घास ठसका न लागता गिळता यावा एवढंच तिची आई मागते आहे.

शेंगाचटणी | मंगळवार, सकाळी ९.५१

सुलभाताई, शब्दाशब्दाला सहमत.

जुन्या_मिलचा | मंगळवार, सकाळी १०.२०

दाखला मुदतीचा असतो हे मला ठाऊक नव्हतं. तसा असेल तर माझा विरोध नाही. सिद्धेश्वरावरचा भरवसा मात्र तेवढाच राहील.

सुलभा_जुळे_सोलापूर | मंगळवार, सकाळी १०.३३

काका, तो तर आम्हीही ठेवतो. गड्ड्याच्या यात्रेत मुलाला घेऊन दर वर्षी जातो. नंदीध्वज दिसले की टाळ्या पिटतो, घरी यायला तयार नसतो.

माजी_अव्वल_कारकून | मंगळवार, दुपारी १.१०

पैशाच्या बाबतीत लिहितो. तहसीलमध्ये संजय गांधी शाखेत बरीच वर्षं काम केलं आहे.

संजय गांधी निराधार अनुदान योजनेत ४० टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व असलेल्यांना दरमहा अनुदान मिळतं. बाळाच्या वतीनं पालक अर्ज करतात. दिव्यांगांसाठी रक्कम आधी १५०० होती, ऑक्टोबर २०२५ पासून २५०० केली आहे. आधार जोडलेल्या बँक खात्यात थेट जमा होते. रे नगर कुंभारीत म्हणजे तुमचा तालुका दक्षिण सोलापूर. आधी शहरात राहत असाल आणि आधारवर जुना पत्ता असेल तर तो पहिल्यांदा बदला, नाहीतर शहरवाले दक्षिणला पाठवतात आणि दक्षिणवाले शहराला.

आता अडचणीची गोष्ट. दिव्यांगांसाठी कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा वर्षाला ५०,००० आहे. तुमचा पगार किती ते लिहिलं नाहीत, पण कारखान्यात कायम कामाला असाल तर त्यात बसणं अवघड दिसतं.

हत्तूरकर_अण्णा | मंगळवार, दुपारी १.२५

उत्पन्नाचा दाखला कमी करून मिळतो की ओ. सगळेच करायलेत. ४८ हजाराचा काढून घ्या.

माजी_अव्वल_कारकून | मंगळवार, दुपारी १.४८

अण्णा, असं सांगू नका. ज्याचा पगार बँकेत जमा होतो, ज्याचा पीएफ कापला जातो, त्याचं खरं उत्पन्न शोधायला आता वेळ लागत नाही. फेरतपासणीत सापडलं तर अनुदान बंद होतं, घेतलेल्या रकमेची वसुली निघते. आजारी लेकराच्या बापाला त्या भानगडीत ढकलू नये. खऱ्या उत्पन्नावरही त्यांना बरंच मिळण्यासारखं आहे.

रेनगरकर, पगार सांगता का? आणि पगाराच्या चिठ्ठीवर ईएसआयची (कामगार विम्याची) कपात आहे का?

रेनगरकर | मंगळवार, रात्री ११.०५

सगळ्यांचे आभार. दुसरी पाळी होती म्हणून उशीर झाला. बायकोला सुलभाताईंचं सगळं वाचून दाखवलं. तिनं लगेच मुलीचं मनगट वाकवून बघितलं, मूठ उघडली. आम्ही इतके दिवस अंगठा ओढत होतो.

साहेब, पगार १२,०००. चिठ्ठीवर ईएसआय म्हणून ९० रुपये कापतात. आमचे सगळे दवाखाने खासगीत झाले. खोटा दाखला काढणार नाही.

माजी_अव्वल_कारकून | बुधवार, सकाळी ८.३०

९० रुपये म्हणजे बाराचे पाऊण टक्का, बरोबर. मालक वेगळे सव्वातीन टक्के भरतो. म्हणजे तुमचा, बायकोचा आणि मुलीचा उपचाराचा हक्क दर महिन्याला विकत घेतला जातोय. कारखान्याच्या ऑफिसात जाऊन ईएसआयच्या नोंदीत मुलीचं नाव घालून घ्या. होटगी रोडच्या ईएसआय रुग्णालयात दाखवा. तिथल्या उपचाराला खर्चाची मर्यादा नसते. मोठ्या उपचारासाठी बाहेर पाठवायचं असेल तर नोकरीचा ठराविक काळ भरलेला लागतो, तेवढं विचारून घ्या. झटक्याचं औषध महिन्याच्या महिन्याला तिथून मिळालं तरी केवढा भार कमी होईल.

संजय गांधीत तुम्ही बसत नाही. वर्षाचे १,४४,००० होतात. पण धर्मादाय रुग्णालयात निर्धन रुग्णासाठी उत्पन्नाची मर्यादा १,८०,००० आहे. ट्रस्टच्या रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी निम्म्या दरात ठेवाव्या लागतात. दुर्बल म्हणजे ३,६०,००० पर्यंत. तुम्ही मोफतच्या गटात येता. भरती करताना पहिल्याच दिवशी रुग्णालयाच्या समाजसेवकाला उत्पन्नाचा दाखला आणि रेशनकार्ड दाखवा. बिल झाल्यावर दाखवून उपयोग होत नाही.

आणि ग्रामपंचायत. स्वतःच्या उत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांवर खर्च करणं त्यांना बंधनकारक आहे. दाखला आला की ग्रामसेवकाकडं नोंद करा आणि अर्जाची पोच घ्या. रक्कम गावागणिक वेगळी असते.

बार्शीची_लेक | बुधवार, सकाळी ११.००

धाग्याच्या विषयाला थोडं सोडून लिहिते, पण मला हे कुठंतरी मांडायचंच होतं.

माझ्या मुलाला जन्मापासून हृदयाचा दोष. ओठ निळे पडायचे, दूध ओढताना घामानं कपाळ भिजायचं. एक मोठं ऑपरेशन झालं, दुसरं व्हायचंय. मीही दाखल्यासाठी गेले होते. कळलं की २१ प्रकारांत हृदयाचा आजार नाही. थॅलेसेमिया आहे, हिमोफिलिया आहे, सिकलसेल आहे, पण हृदय नाही, किडनी नाही, कॅन्सर नाही. माझं मूल दहा पावलं चाललं की बसतं, तरी कायद्यानं ते दिव्यांग नाही. याचं मला फार वाईट वाटतं आणि मी ते प्रत्येक ठिकाणी बोलून दाखवते.

पण दाखला नाही म्हणून उपचार अडला नाही, हे इतर आईबापांनी ध्यानात घ्यावं. आमच्या अंगणवाडीत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक आलं होतं. वर्षातून दोनदा येतं. त्यांच्या डॉक्टरीणबाईंनी स्टेथोस्कोप लावला आणि लगेच पत्र दिलं. त्या पत्रावर टूडी इको (हृदयाची सोनोग्राफी) झालं आणि ऑपरेशनही झालं, आमच्या खिशातून त्याचे पैसे गेले नाहीत. जन्मतः दोष, कमतरता, आजार आणि वाढीतला उशीर, या सगळ्यासाठी अठरा वर्षांपर्यंत हा कार्यक्रम आहे. रेनगरकर दादा, वाढीतला उशीर तुमच्या मुलीलाही लागू आहे. अंगणवाडीताईंना पथकाची तारीख विचारा. त्यांच्याकडून शीघ्र हस्तक्षेप केंद्राचं पत्र मिळालं तर व्यायाम फुकट होतील.

शेंगाचटणी | बुधवार, सकाळी ११.१२

आणि फुले योजना? ती तर सगळ्या रेशनकार्डांना आहे ना आता?

बार्शीची_लेक | बुधवार, सकाळी ११.३०

हो. महात्मा फुले जन आरोग्य योजना. आधी कुटुंबाला वर्षाला दीड लाख होते, आता पाच लाख आहेत. पिवळं, केशरी, पांढरं कुठलंही रेशनकार्ड चालतं. योजनेतल्या रुग्णालयात दारातच आरोग्यमित्राचं टेबल असतं. फक्त ही योजना ठरलेल्या उपचारांना आहे, रोजच्या व्यायामाला किंवा गोळ्यांना नाही.

विणकर_कर_सल्ला | बुधवार, दुपारी ३.२०

हा धागा पगारदार आणि दुकानदार पालकही वाचत असतील म्हणून लिहितो. आयकरात ८०डीडी ही वजावट आहे. अवलंबून असलेल्या मुलाचं दिव्यांगत्व ४० टक्के किंवा जास्त असेल तर ७५,००० आणि ८० टक्के किंवा जास्त असेल तर १,२५,०००. खर्च त्याहून कमी झाला तरी पूर्ण रक्कम मिळते. सीपी, ऑटिझम आणि बहुविकलांगत्वासाठी १०-आयए नमुन्यातलं प्रमाणपत्र लागतं, लहान मुलांसाठी ते बालमेंदूविकार तज्ज्ञ किंवा शासकीय रुग्णालयाचे सिव्हिल सर्जन देऊ शकतात. ही वजावट जुन्या कररचनेतच आहे. आंधळेपणानं नवी रचना निवडणारे अनेक पालक मी दर जुलैत बघतो. आधी दोन्ही मांडून बघा.

रेल्वे_वसाहत | बुधवार, सायंकाळी ६.४५

केंद्र सरकारच्या नोकरीत असलेल्या आयांनी बालसंगोपन रजा विसरू नये. नोकरीच्या पूर्ण काळात ७३० दिवस. एरवी मूल १८ वर्षांचं होईपर्यंतच मिळते, पण मूल दिव्यांग असेल तर ती वयाची मर्यादा नाही. माझी मुलगी दृष्टिहीन आहे. ही रजा नसती तर मी नोकरी सोडली असती.

सव्वा वर्षाच्या बाळाला घेऊन पुण्याला जायची वेळ आली तर एसटीचंही सांगते. पाच वर्षांपर्यंत मूल तसंही फुकट जातं. खरा उपयोग सोबतच्या माणसाचा. दिव्यांगत्व ६५ टक्क्यांच्या वर असेल तर सोबत्याला तिकिटात ५० टक्के सूट आहे.

हत्तूरकर_अण्णा | बुधवार, रात्री ८.१०

म्हणजे टक्के जास्त लिहून घेतलेले बरे?

फिजिओ_आसरा | बुधवार, रात्री ८.४०

अण्णा, टक्के लिहून घ्यायचे नसतात, ते तपासणीत निघतात. पण एक गोष्ट पालकांकडून नेहमी राहून जाते. बाळ नेमकं बोर्डाच्या दिवशी हसतं-खेळतं, आणि आई अभिमानानं सांगते की बघा, आज मान किती छान धरली. साहजिक आहे, प्रत्येक आईला आपलं बाळ चांगलं दिसावं असंच वाटतं. पण तपासणाऱ्याला रोजचं खरं चित्र कळायला हवं. भरवायला किती वेळ लागतो, रात्री किती वेळा उठावं लागतं, झटका शेवटचा कधी आला, हे एका कागदावर लिहून न्या. झटक्याचा मोबाइलवर व्हिडिओ असेल तर दाखवा. वाढवून सांगू नका आणि लपवूही नका.

आणि औषधाची वेळ चुकवू नका. रांगेत उशीर होतो, झटक्याच्या औषधाची बाटली, मापाचा ड्रॉपर आणि तिचं खाणं बरोबर ठेवा.

बार्शीची_लेक | बुधवार, रात्री ९.००

आणि बोर्डानं नाकारलं तर?

माजी_अव्वल_कारकून | बुधवार, रात्री ९.२५

कारण लेखी मागायचं. ते द्यावंच लागतं. कायद्याच्या ५९ कलमात त्यावर अपील करायची सोय आहे. तोंडी ‘होत नाही’ ऐकून परत फिरू नका. रेनगरकरांना खिडकीवर जे सांगितलं ते तोंडीच होतं, लिहून मागितलं असतं तर बहुतेक कुणी लिहून दिलं नसतं.

मोदीखाना_मित्र | गुरुवार, सकाळी १०.१०

कुणाच्या बाळाला गोशे किंवा एसएमए असा दुर्मिळ आजार असेल तर त्यांच्यासाठी २०२१ चं राष्ट्रीय दुर्मिळ आजार धोरण आहे. त्यात ठरलेल्या केंद्रांमार्फत ५० लाखांपर्यंत मदत मिळू शकते. आपल्याला जवळचं म्हणजे मुंबईचं केईएम. सिद्धेश्वर एक्स्प्रेसनं रात्री निघालं की सकाळी मुंबई. यासाठी दाखल्याची वाट बघू नये, आधी नोंदणी करावी.

रेनगरकर | पुढचा महिना, रविवार, सकाळी ८.००

मंडळी, कळवायला उशीर झाला. दाखला निघाला. ७५ टक्के, युडीआयडीचं पिवळं कार्ड येईल म्हणाले. मुदत तिला पाच वर्षं होईपर्यंत.

बोर्डातल्या मॅडमनी फिजिओताईंनी सांगितलं तसंच सगळं विचारलं. बायकोनं कागदावर लिहून नेलं होतं, तिनं स्वतः वाचून दाखवलं. मी बोलायला गेलो तर मॅडम म्हणाल्या, आईला बोलू द्या.

ईएसआयला नाव लागलं, या महिन्याचं औषध तिथून मिळालं. अंगणवाडीताईंनी पथकाची तारीख दिली आहे. ग्रामपंचायतीत अर्ज दिला, पोच घेतली.

अजून एक विचारायचं आहे. निरामय म्हणून विमा आहे असं बोर्डाबाहेर एका पालकानं सांगितलं. तो खरा आहे का? आधीपासून आजार असलेल्या बाळाचा विमा कोण काढेल?

जुन्या_मिलचा | रविवार, सकाळी ८.२०

फार बरं वाटलं. आईला बोलू दिलं ते सगळ्यात उत्तम झालं. लेकीला आशीर्वाद.

मंगळवेढ्याची_मावशी | रविवार, सकाळी ९.३०

अभिनंदन. मध्येच विचारते, माझी भाची आठ महिन्यांची आहे, आवाजाला वळत नाही. तिच्यासाठी पण पाच वर्षं थांबायला सांगितलंय.

फिजिओ_आसरा | रविवार, सकाळी ९.५०

मावशी, अजिबात थांबू नका. बेरा (ऐकण्याची) तपासणी करून घ्या, ती झोपलेल्या बाळाचीही होते. श्रवणयंत्र आठ महिन्यांतही लावता येतं. यंत्रानं भागलं नाही तर कॉक्लिअर इम्प्लांटसाठी (ऑपरेशन करून कानात बसवायचं यंत्र) केंद्राची एडिप योजना आहे, पण ती जन्मतः न ऐकणाऱ्या मुलांना पाच वर्षांपर्यंतच आहे. म्हणजे तुमच्या भाचीसाठी पाच वर्षं थांबणं म्हणजे संधी घालवणं. उद्याच जा.

सुलभा_जुळे_सोलापूर | रविवार, सकाळी १०.१५

दादा, आज फार आनंद झाला. वहिनींना माझा नमस्कार सांगा.

निरामय खरी आहे. नॅशनल ट्रस्टची आहे, केंद्र सरकारची. सीपी, ऑटिझम, बौद्धिक दिव्यांगत्व आणि बहुविकलांगत्व या चारांसाठीच आहे, म्हणून बाकीच्या पालकांना तिची माहिती नसते. वर्षाला एक लाखापर्यंत खर्च मिळतो. आधीचा आजार आडवा येत नाही, वैद्यकीय तपासणी मागत नाहीत, वयाची अट नाही. महत्त्वाचं म्हणजे व्यायाम आणि थेरपीचा खर्चही ठरलेल्या मर्यादेत धरतात.

आधी आपण पैसे भरायचे आणि मग बिलं पाठवून परत घ्यायचे अशी पद्धत आहे. म्हणून फिजिओकडून साध्या चिठ्ठीवर नाही, शिक्का आणि तारखेसह पावती घ्या, आणि त्यावर मुलीचं नाव दाखल्यावर आहे अगदी तसंच असू द्या. आमच्या एका बिलावर मुलाचं लाडाचं नाव पडलं होतं, ते परत आलं. दर वर्षी नूतनीकरण करावं लागतं, ती तारीख घरातल्या कॅलेंडरवर आजच लिहून ठेवा.

अर्जाला दाखला, तुमचं आणि मुलीचं आधार, पत्त्याचा पुरावा आणि बँकेचं पासबुक लागेल. मी बुधवारी दुपारी मोकळी आहे. वहिनींना मुलीला घेऊन आमच्याकडं येऊ द्या, इथं संगणकावर दोघी मिळून भरू. मुलाची बसायची जुनी कोपरा-खुर्ची माळ्यावर आहे, तिला होतेय का तेही बघू.

फिजिओ_आसरा | रविवार, सकाळी १०.४०

खुर्चीचा फोटो टाका सुलभाताई. बसण्याची खोली तिच्या मांडीच्या मापाची हवी, गुडघ्याच्या मागं दोन बोटं जागा राहिली पाहिजे. जास्त खोल असेल तर पाठीमागं फळी टाकून कमी करता येते. माप घेऊन कळवा, मी सांगते.